दोन पेशांचा नायक

मनुष्यानें एकच विद्या पुरती हस्तगत करावी, कीं अनेक विद्यांत थोडीथोडी गति मिळवावी, हा प्रश्न फार जुना आहे. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ असें आपली भाषा एका तोंडानें बजावते, आणि दुसऱ्या तोंडानें तीच भाषा अष्टपैलू पुरुषाचे गोडवे गाते. व्यवहारांत या वादाचा निकाल सहसा लागत नाहीं. कारण दुसरी विद्या शिकण्यांत पहिलीचें किती नुकसान झालें, हें मोजण्याचें माप कोणापाशींच नसतें. परंतु गेल्या पन्नास वर्षांत अमेरिकेंत वाढलेल्या एका खेळाच्या नियमकर्त्यांना हें माप तयार करणें भाग पडलें. योद्ध्यानें मंत्रविद्या शिकावयाची झाल्यास तिची किंमत काय, हें त्यांना आंकड्यांत सांगावें लागलें; आणि तो आंकडा त्यांनीं निदान पांचसहा वेळां बदलला. या बदलांत खेळाबाहेरच्या जीवनासंबंधींहि विचार करण्याजोगें पुष्कळ आहे, म्हणून त्यांचा इतिहास येथें सांगण्याचें योजिलें आहे.

खेळाचें नांव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. ज्यांस तो अपरिचित असेल त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. चारसहा मंडळी एका टेबलाभोंवतीं बसतात. त्यांतील एक जण सूत्रधार होतो. भुयारें, राक्षस, गुप्त धन, वाटेवरचीं गांवें आणि त्यांतील माणसें ही सारी सृष्टि त्याच्या स्वाधीन असते. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि त्या पात्राच्या वतीनें बोलतात व निर्णय करतात. साहस साधलें कीं फसलें, हें फांसे टाकून ठरतें. प्रत्येक पात्राच्या अंगीं बल, चापल्य, प्रकृति, बुद्धि, विवेक आणि प्रभाव असे सहा गुण असतात. मूळ पद्धतीप्रमाणें तीन फांसे टाकून प्रत्येक गुणाचा आंकडा ३ ते १८ यांच्या दरम्यान ठरवीत. याखेरीज पात्रास एक पेशा असतो. साहसांतून अनुभवाचे अंक मिळतात. ते पुरेसे सांठले म्हणजे पात्र आपल्या पेशांत एक पायरी वर चढतें आणि त्याचें सामर्थ्य वाढतें. एकाच पात्रानें दोन किंवा अधिक पेशे चालविणें यास इंग्रजींत ‘मल्टिक्लास’ म्हणतात. आपण अशा पात्रास बहुपेशी पात्र म्हणूं.

हा खेळ युद्धाच्या खेळांतून जन्मला. नकाशावर लहान लहान शिपाई मांडून जुन्या लढाया पुन्हा लढण्याचा छंद असलेलीं मंडळें त्या वेळीं अमेरिकेंत ठिकठिकाणीं होतीं. विस्कॉन्सिन संस्थानांतील लेक जिनिव्हा या लहानशा गांवीं राहणारा गॅरी गायगॅक्स आणि त्याचा मित्र जेफ पेरेन यांनीं १९७१ सालीं ‘चेनमेल’ नांवाचें मध्ययुगीन लढायांच्या नियमांचें पुस्तक प्रसिद्ध केलें, आणि त्यास जादूगार व राक्षस यांच्याविषयीं एक पुरवणी जोडली. शेजारच्या मिनेसोटांतील डेव्ह आर्नेसन यानें ‘ब्लॅकमूर’ नांवाच्या आपल्या कल्पित मुलखांत प्रत्येक खेळाडूस सैन्याऐवजीं एकच वीर देऊन खेळ चालविला. या दोहोंच्या संगमांतून जानेवारी १९७४ मध्यें ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या तीन लहान पुस्तिका निघाल्या. पहिल्या आवृत्तीच्या प्रती एक हजार. गायगॅक्स हा गृहस्थ विमा कंपनींतील नोकरी सुटल्यावर जोडे दुरुस्त करून चरितार्थ चालवीत होता. म्हणजे नियमकर्ता स्वतःच एक बहुपेशी मनुष्य होता!

युद्धाच्या खेळांत घोडदळ तें घोडदळ आणि पायदळ तें पायदळ. तीच शिस्त नव्या खेळांत पेशाच्या रूपानें आली. १९७४ मध्यें पेशे तीनच होते: योद्धा, मांत्रिक आणि पुरोहित. योद्ध्यास सर्व शस्त्रें व चिलखत मोकळें, पण मंत्र नाहीं. मांत्रिकास मंत्र, पण चिलखत नाहीं, आणि शस्त्र म्हणाल तर खंजीर. पुरोहितास चिलखत व दैवी मंत्र, पण धारेचें शस्त्र वर्ज्य. या वाटणींत एक मर्म आहे. प्रत्येकाच्या अंगीं कांहीं उणीव असल्यामुळेंच त्याला सोबत्याची गरज पडते, आणि सोबत्याची गरज पडल्यामुळेंच चारसहा माणसें एका टेबलाभोंवतीं जमतात. ज्याला सर्वच येतें त्याला मित्र कशाला हवेत?

परंतु ज्या कादंबऱ्या वाचून या मंडळींची कल्पना पेटली होती, त्यांतील नायक या वाटणीस जुमानणारे नव्हते. फ्रिट्झ लायबरचा ‘ग्रे माउझर’ हा चोर व तलवारबहाद्दर खरा, पण तारुण्यांत तो एका मांत्रिकाचा शिष्य होता. रॉबर्ट हॉवर्डचा कोनन चोर, चांचा, भाडोत्री शिपाई आणि शेवटीं राजा झाला. टॉल्किनचा गँडाल्फ जादूगार असून कमरेला तलवार बाळगतो. असे नायक ज्यांनीं मनांत घोळविले, ते खेळाडू ‘मलाहि दोन्ही येऊं द्या’ असें म्हणणारच. म्हणून पहिल्याच पुस्तिकेंत अपवाद घालावा लागला.

तो अपवाद एल्फ नांवाच्या दीर्घायुषी, यक्षासारख्या जातीसाठीं होता. एल्फानें प्रत्येक साहसाच्या आरंभीं आज आपण योद्धा कीं मांत्रिक हें ठरवावें. मात्र तें साहस संपेपर्यंत तें बदलूं नये. याचा मोबदला म्हणून त्याच्या उन्नतीस मर्यादा घातली होती: योद्धा म्हणून चौथी पायरी आणि मांत्रिक म्हणून आठवी. मनुष्याच्या बाबतींत नियमकर्ता नाखूषच होता. पेशा बदलणें इष्ट नव्हे असें बजावून त्यानें अशी अट घातली कीं, ज्या पेशांत जावयाचें त्याचा मुख्य गुण मूळचाच १६ किंवा अधिक असला पाहिजे. तीन फांशांवर एखाद्या ठरलेल्या गुणांत १६ किंवा अधिक पडण्याचे प्रसंग २१६ पैकीं १० च. शिवाय मांत्रिकानें पुरोहित व पुरोहितानें मांत्रिक केव्हांहि होऊं नये, अशीहि ताकीद होती.

१९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणींत चोर हा चौथा पेशा आला, आणि मनुष्येतर जातींस दोनतीन पेशे एकाच वेळीं चालविण्याची मुभा मिळाली. मिळालेले अनुभवाचे अंक मात्र त्या पेशांत वांटून टाकावे लागत. पुढें १९७८ सालच्या ‘प्लेयर्स हँडबुक’ या ग्रंथांत या सर्वांची पक्की घटना झाली, आणि तेथें दोन स्वतंत्र मार्ग आंखले गेले. एल्फ, ठेंगू खाणकरी ड्वार्फ व त्यांच्यासारख्या इतर जातींचा मार्ग एक, आणि मनुष्याचा दुसरा.

पहिला मार्ग दिसतो तितका महाग नव्हता. त्या काळीं प्रत्येक पायरीस लागणारे अंक साधारणतः दुपटीनें वाढत. समजा, एका योद्ध्यानें ४०,००० अंक मिळविले. तो सहाव्या पायरीवर असे. तेवढेच अंक मिळविणाऱ्या योद्धा-मांत्रिक एल्फाच्या वांट्यास प्रत्येक पेशांत २०,००० येत, आणि तो योद्धा म्हणून पांचव्या व मांत्रिक म्हणून चौथ्या पायरीवर असे. म्हणजे एक पायरी सोडली कीं अख्खी दुसरी विद्या पदरांत! या सौद्याचा तोल सांवरण्यासाठीं जन्माच्या मर्यादा कायम ठेवाव्या लागल्या. एल्फ कितीहि पराक्रमी असो, योद्धा म्हणून सातव्या आणि मांत्रिक म्हणून अकराव्या पायरीपलीकडे त्याला जातां येत नसे. आणि ती उंची गांठण्यासहि असामान्य बल व बुद्धि लागे. मनुष्यास अशी मर्यादा नव्हती. आपल्या या सृष्टींत मनुष्यजातीचेंच प्राधान्य राहावें, असें गायगॅक्सनें १९७९ सालच्या सूत्रधारासाठींच्या ग्रंथांत उघड प्रतिपादिलें आहे.

दुसरा मार्ग, मनुष्याचा, आमच्या मतें या साऱ्या इतिहासांतील सर्वांत विलक्षण नियम आहे. मनुष्यास दोन पेशे एका वेळीं चालवितां येत नसत. एक सोडून दुसरा धरावा लागे. जुन्या पेशाचा मुख्य गुण १५ आणि नव्याचा १७ असल्याशिवाय हा विचारच करावयाचा नाहीं. एकदां सोडलेल्या पेशांत पुढें कधींहि उन्नति नाहीं. नव्या पेशांत आरंभ पहिल्या पायरीपासून. आणि खरी परीक्षा याच्यापुढें. नव्या पेशांतील पायरी जुन्या पेशांतील पायरीच्या वर जाईपर्यंत जुन्या विद्येचा उपयोग केला, तर त्या साहसाचे अनुभवाचे अंक मिळत नसत. सातव्या पायरीवरचा योद्धा मांत्रिक झाला, कीं अंगांतील कणखरपणा तेवढा राहिला. बाकी तो एक दुबळा शिकाऊ उमेदवार. सोबती राक्षसाशीं झुंजत आहेत, हात शिवशिवत आहेत, पण तलवार उपसली तर आजचें शिक्षण वायां गेलें! असें करीत करीत तो मांत्रिक म्हणून आठव्या पायरीवर पोंचला, म्हणजे मग दोन्ही विद्या त्याच्या हातीं एकत्र येत. ज्यानें पिकल्या वयांत नवें शास्त्र आरंभिलें असेल, त्यास या नियमांत कांहीं खोटें वाटणार नाहीं. जुन्या संवयीचा आधार प्रथम बाजूस ठेवावा लागतो, आणि नवें पुरतें अंगवळणीं पडल्यावरच जुनें त्याच्या कामीं येतें.

त्याच ग्रंथाच्या परिशिष्टांत भाट या पेशाची योजना आहे, ती तर याहून अवघड. प्रथम योद्धा म्हणून निदान पांच पायऱ्या चढावयाच्या, मग चोर व्हावयाचें, आणि मग वनवासी ड्रुइड पुरोहितांच्या हाताखालीं विद्या घेऊन भाट व्हावयाचें. असे भाट प्रत्यक्ष खेळांत थोडेच झाले असतील. पण मनुष्याचा पेशा हें त्याचें चरित्रच आहे, ही कल्पना या योजनेंत पूर्णपणें उतरली आहे.

१९८१ सालीं टॉम मोल्डव्हे यानें नवशिक्यांसाठीं सोपी आवृत्ति तयार केली, तींत हा गुंता एका घावानें तोडला होता. तेथें ‘एल्फ’ हाच एक पेशा. त्यांत शस्त्र व मंत्र दोन्ही आलीं. दुसऱ्या पायरीस योद्ध्यास २,०००, मांत्रिकास २,५००, आणि एल्फास ४,००० अंक लागत. दोन विद्यांची किंमत दोहोंच्या बेरजेच्या जवळपास, आणि ती दारांतच रोख घेतलेली. हिशेब स्वच्छ होता, परंतु त्यांत निवड उरली नाहीं. एल्फ म्हणून जन्मलेल्यास दुसरें कांहीं होतां येईना, आणि मनुष्यास एल्फाचें काम करतां येईना.

येथें या पहिल्या कालखंडाचा दोष स्पष्ट दिसतो. कोणीं कोणता धंदा करावा आणि त्यांत कोठवर चढावें, हें जन्मावरून ठरत होतें. ज्यांच्या समाजांत वर्णाचा व जातीचा वाद शतकानुशतकें चालला आहे, त्या आपणांस या व्यवस्थेचें स्वरूप समजावून सांगण्याची जरुरी नाहीं. खेळांतसुद्धां लोकांस ती जाचूं लागली. अनेक टेबलांवर सूत्रधार पायऱ्यांची मर्यादा गुपचूप सोडून देत. तरीहि १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तींत हे दोन्ही मार्ग थोड्याफार फरकानें तसेच राहिले.

मोठी क्रांति झाली ती २००० सालीं. मूळची कंपनी डबघाईस येऊन १९९७ मध्यें ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीनें ती विकत घेतली होती. मॉन्टी कुक, जोनाथन ट्वीट आणि स्किप विल्यम्स यांनीं रचलेल्या तिसऱ्या आवृत्तींत सर्व पेशांसाठीं अनुभवाच्या अंकांचें एकच कोष्टक आलें. हा बदल वरवर हिशेबी दिसतो. पण त्यामुळेंच कोणत्याहि पेशाची एक पायरी ही इतर पेशाच्या एका पायरीशीं बदलतां येण्याजोगी झाली. यापुढें पात्र जेव्हां जेव्हां वर चढेल, तेव्हां तेव्हां त्यानें हवा तो पेशा निवडावा. एकूण पायऱ्या वीस. त्या कशा वांटावयाच्या हें ज्याचें त्यानें पाहावें. जन्माच्या मर्यादा गेल्या. फार विषम वांटणी करणाऱ्याच्या अनुभवांतून शेंकडा २० कापून घेण्याचा एक नियम होता. परंतु गंमत अशी कीं, त्यांत सर्वांत अधिक सवलत मनुष्यास मिळाली. १९७८ मध्यें ज्याला दोन पेशे एकत्र चालविण्याची बंदी होती, तोच आतां बहुपेशी होण्यास सर्वांत लायक ठरला.

स्वातंत्र्याबरोबर त्याचे दोषहि आले. अनेक पेशांच्या पहिल्या दोन पायऱ्यांवर बरेंच कांहीं मिळत असे. तेव्हां चतुर खेळाडू या पेशाची एक पायरी, त्या पेशाच्या दोन, असें वेंचीत चालले. पात्राचें चरित्र मागें पडून त्याचा जमाखर्च पुढें आला. उलट, दहा पायऱ्या योद्धा आणि दहा पायऱ्या मांत्रिक असा सरळमार्गी मनुष्य मात्र पस्तावला. कारण वीस पायऱ्यांच्या मांत्रिकाचे मंत्र ज्या शत्रूंस लागू पडत, त्यांच्यापुढें दहा पायऱ्यांचे मंत्र म्हणजे फुंकर. ही उणीव भरून काढण्यास ‘प्रतिष्ठेचे’ म्हणून निराळे पेशे काढावे लागले. त्यांपैकीं २००३ च्या सुधारलेल्या आवृत्तींतील एक पेशा तर मांत्रिक व पुरोहित या दोन्ही विद्या एकदमच वाढवीत असे. १९७४ मध्यें ज्या दोन पेशांत भिंत होती, त्यांच्यामध्यें हा सरकारी पूल बांधला गेला! २००८ च्या चौथ्या आवृत्तीनें पुनः लगाम खेंचला, आणि दुसऱ्या पेशाची केवळ चव घेण्यापुरती सवलत ठेवली. पुरी भेसळ करावयाची सोय २०१० मध्यें वेगळी करून द्यावी लागली.

२०१४ सालच्या पांचव्या आवृत्तीनें बहुपेशी पात्र हें ऐच्छिक ठरविलें. सूत्रधार मान्य करील तरच. जुन्या व नव्या दोन्ही पेशांच्या मुख्य गुणांत निदान १३ हवेत, ही अट घातली, आणि ती २०२४ च्या सुधारित ग्रंथांतहि कायम आहे. १६, १७ आणि आतां १३: दार किती रुंद झालें, हें या तीन आंकड्यांवरूनच दिसून येतें.

या आवृत्तींत किंमत कशी वसूल होते, तें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. योद्ध्यास पांचव्या पायरीवर एका पाळींत दोन वार करतां येतात. मांत्रिकास पांचवीवर तिसऱ्या वर्गाचे मंत्र मिळतात, आणि त्यांतच तो प्रसिद्ध अग्निगोल आहे. आतां चार पायऱ्या योद्धा व चार पायऱ्या मांत्रिक असलेलें पात्र घ्या. आठ पायऱ्यांचा अनुभव गांठीं असून त्यास दुसरा वार नाहीं आणि अग्निगोलहि नाहीं; आणि शेजारी बसलेला आठ पायऱ्यांचा शुद्ध मांत्रिक चौथ्या वर्गाचे मंत्र वापरीत असतो. म्हणून जाणते लोक सांगतात कीं, पहिल्या पेशाची पांचवी पायरी गांठल्याशिवाय सहसा फांटा फोडूं नये. क्रमालाहि महत्त्व आहे. योद्धा म्हणून आरंभ करणाऱ्यास जड चिलखताचा अभ्यास मिळतो. मांत्रिक म्हणून आरंभ करून मागाहून योद्धा होणाऱ्यास तो मिळत नाहीं. आणि दोन्ही पेशे एकाच गुणावर उभे असतील तर संसार सुखाचा होतो. धर्मवीर पॅलडिन आणि उपजत मंत्रशक्ति असलेला सॉर्सरर यांची जोडी लोकप्रिय आहे, याचें एक कारण असें कीं, दोघांचेहि मंत्र प्रभाव या एकाच गुणावर चालतात. एकास बुद्धि व दुसऱ्यास विवेक लागत असेल, तर दोन्हीकडे कमीच पडतें.

या पन्नास वर्षांचा आढावा घेतां असें दिसतें कीं, दुसऱ्या विद्येस किंमत पडलीच पाहिजे, याबद्दल नियमकर्त्यांत कधींच मतभेद नव्हता. मतभेद होता तो ही किंमत कोणत्या नाण्यांत घ्यावयाची याबद्दल. एल्फाकडून ती जन्माच्या नाण्यांत घेतली: तुला दोन्ही येतील, पण अमुक उंचीवर थांब. १९७८ च्या मनुष्याकडून ती त्यागाच्या नाण्यांत घेतली: जुनें बाजूस ठेव, आणि लहान होऊन बस. २००० पासून ती काळाच्या नाण्यांत घेतली जाते: पायऱ्या सर्वांस वीसच, इकडे दिलेली तिकडे मिळणार नाहीं.

यांपैकीं पहिलें नाणें चलनांतून गेलें, हें उत्तम झालें. तिसरें सर्वांत न्याय्य आहे, कारण तें राजारंक सर्वांच्या हातीं सारखेंच असतें. पण त्यांत एक धोका आहे. जेथें प्रत्येक पायरी दुसरीशीं बदलतां येते, तेथें मनुष्य पायऱ्या मोजूं लागतो आणि आपण कोठें चाललों हें विसरतो. २००० नंतरच्या अनेक पात्रांचे कागद वाचले, तर तीं काय करूं शकतात हें तंतोतंत समजतें. योद्ध्यानें एके दिवशीं मंत्राची पोथी कां उघडली, हें मात्र समजत नाहीं. १९७८ च्या नियमांत हा प्रश्न टाळतांच येत नसे. सात पायऱ्यांचें वैभव सोडून जो पहिल्या पायरीवर बसला, त्याला टेबलावरचे सोबती ‘कां बाबा?’ असें विचारणारच, आणि त्याला उत्तर द्यावें लागे.

आजचा नियम तें उत्तर मागत नाहीं. पण देण्यास मनाईहि करीत नाहीं. म्हणून जो कोणी आज असें पात्र रचावयास बसेल, त्यानें १३ चा आंकडा पाहावा, पांचव्या पायरीचा हिशेब करावा, आणि मग कागदाच्या कोपऱ्यांत एक ओळ लिहावी: यानें दुसरी विद्या कां धरली, आणि तिच्यासाठीं काय सोडलें. गुरु मेला असेल, सूड घ्यावयाचा असेल, किंवा रणांत ज्याला वांचवितां आलें नाहीं त्याच्यासाठीं तो औषधोपचाराचे मंत्र शिकत असेल. ही ओळ लिहिल्यानें एकहि अंक वाढत नाहीं. परंतु जी ओळ लिहितांच येत नाहीं, तो पेशा घेण्याची त्या पात्रास गरज नव्हती, असें खुशाल समजावें. भाराभर चिंध्या आणि अनेक रंगी वस्त्र यांत कापड तेंच असतें. फरक तें शिवणाऱ्या दोऱ्याचा.